पत्त्यांची शिकवणी

पेटीची शिकवणी लावली, इंग्रजीची लावली, अगदी पन्नाशीत पोहण्याची लावली तरी कुणी काही म्हणत नाही. उलट कौतुकच होतं. पत्त्यांची शिकवणी लावलीय म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "पत्ते म्हणजे... कुठले पत्ते?" पोकरचे, असं सांगितलं की हसू मावळतं. २०२२ च्या पावसाळ्यापासून मी हे उत्तर देत आलेय. तेव्हा आपल्या गोतावळ्यात माझ्याबद्दल काय काय बोललं जातं याची मला नीट कल्पना आहे. तुमच्यापैकी बरेच जण हा ब्लॉग वाचता (प्रतिक्रिया देत नाही, पण वाचता हे मला माहीत आहे :) ), म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहून टाकू या.

आधी घरचं. मराठी घरात पत्ते नसतात असं थोडंच आहे? मे महिन्याच्या सुट्टीत झब्बू, बदाम सात, मेंढीकोट हे सगळ्यांकडे चालायचं. आमच्याकडे मात्र नाही. आमच्या घरात पत्त्यांचा जोड कधी आलाच नाही. कारण मामा. पैठणकडे मामाची मोसंबीची बाग होती. पोळा झाला की गावात तीन पत्तीचे फड बसायचे ते दिवाळी होईपर्यंत उठायचे नाहीत. बाग एकदम गेली नाही. आधी दोन एकर, मग विहिरीकडचा तुकडा, मग रस्त्याकडचा, अशी गेली. मामा २००९ मध्ये गेला तेव्हा नावावर राहतं घर तेवढं होतं. आईने त्याच्यासमोर कधी आवाज चढवला नाही, पण आमच्यासाठी नियम केला, "पत्त्याचं नाव काढायचं नाही या घरात." तो नियम आम्ही पाळला.

मग मी पोकरकडे कशी वळले? गणितातून. आकडेमोड हा माझा नोकरीचाच भाग. शक्याशक्यतेबद्दल वाचता वाचता एका पुस्तकापाशी आले. मारिया कोनिकोवा नावाची मानसशास्त्र शिकलेली लेखिका आहे. नशीब किती आणि आपलं कर्तृत्व किती, हा प्रश्न तिला छळत होता. तो सोडवायला तिने पोकर शिकायचं ठरवलं. तेव्हा पत्त्यांच्या जोडात बावन्न पाने असतात हेही तिला माहीत नव्हतं. तिने थेट एरिक सायडेलला गाठलं, ज्याच्या नावावर तोवर पोकरच्या जागतिक मालिकेची आठ विजेतेपदं होती, आणि मला शिकवा म्हणाली. त्याने होकार दिला. जानेवारी २०१८ मध्ये बहामात तिने एक मोठी स्पर्धा जिंकली आणि २०२० मध्ये 'द बिगेस्ट ब्लफ' हे पुस्तक आलं. मला त्यातल्या जिंकण्यापेक्षा ते दोघं रस्त्याने चालत चालत एकेका डावावर बोलतात, त्याचा जास्त मोह पडला. एखाद्या गवयाने शिष्याला घेऊन बसावं तसं हे पत्त्यांत होऊ शकतं, हे मला नवीन होतं.

तर मी शिकवणी शोधली. सर मिळाले पुण्याचे. वय सत्तावीस, शिक्षण इंजिनिअरिंगचं, पोट पोकरवर. मी त्यांना सर म्हणायची आणि ते मला ताई. दर मंगळवारी रात्री साडेनऊला आमचा व्हिडिओ कॉल असायचा. इकडे सिडकोतल्या स्वयंपाकघरातली भांडी आवरून मी बसायची, तिकडे ते दोन मोठे स्क्रीन लावून.

पहिल्या तासाला पत्ते निघालेच नाहीत. सरांनी विचारलं, "ताई, घरात कुणाला कळणारही नाही आणि तुम्हाला झोपही लागेल, अशी किती रक्कम पूर्ण गेली तर चालेल?" मी म्हटलं आठ हजार. "ठीक. मग आठ हजार वेगळ्या खात्यात. त्याचे चाळीस भाग करायचे. टेबलावर एका वेळी एकच भाग, दोनशे रुपये. आठाचे चार झाले तर खालच्या टेबलावर जायचं. आणि संपले तर संपले, पुन्हा भरायचे नाहीत. हे कबूल असेल तर पुढे शिकवतो."

दुसरा नियम वहीचा. बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, किती घेऊन बसले, किती घेऊन उठले, आणि का उठले. हे 'का उठले' त्यांना सगळ्यात महत्त्वाचं. 'झोप आली', 'दीड तास झाला', 'चिडचिड व्हायला लागली', असं काहीही चालेल, पण कोरं ठेवायचं नाही.

ज्यांना पोकर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार टेक्सस होल्डेम. प्रत्येकाला दोन पाने लपवून मिळतात. मध्ये सगळ्यांची मिळून पाच पाने उघडतात, आधी तीन, मग एक, मग एक. या सातांतून सगळ्यात चांगली पाच पाने ज्याची, तो जिंकला. पाने उघडत जातात तशा पैसे लावायच्या चार फेऱ्या होतात आणि कुठल्याही फेरीत पाने टाकून बाहेर पडता येतं. तीन पत्तीत पॅक करतो तसंच. फरक हा की इथे मधली पाने सगळ्यांना दिसतात, म्हणून हिशोबाला जागा असते.

तो हिशोब किती साधा असतो ते एका डावावरून सांगते. माझ्या हातात बदामचा एक्का आणि बदामची नव्वी. मध्ये चार पाने उघडलेली, त्यांत दोन बदाम. अजून एक बदाम आलं तर माझे पाच बदाम होतात, तेही एक्क्यासकट. मध्ये दोनशे रुपये जमलेत आणि समोरच्याने पन्नास लावले. आता मी पन्नास घालू का? मी घातले तर मध्ये तीनशे होतात, त्यांतले माझे पन्नास, म्हणजे एक षष्ठांश. सहा वेळांत एकदा जरी जिंकले तरी बरोबरी. आता पाने मोजू. बावन्नातून मला दिसलेली सहा, उरली शेहेचाळीस. त्यांत बदाम नऊ. म्हणजे पाच वेळांत जेमतेम एकदा बदाम येणार. पाचात एकदा हे सहात एकदापेक्षा चांगलं, म्हणून पैसे घालायचे. असा डाव शंभरदा आला तर प्रत्येक वेळी सरासरी पावणेनऊ रुपये सुटतात.

मी पैसे घातले. शेवटचं पान आलं किलवरची चौकी. पन्नास गेले.

आता खरी शिकवणी. मी खेळलेले डाव सरांकडे जायचे, पण शेवट कापून. कोण जिंकलं ते त्यांना दिसायचं नाही, किंबहुना दिसू नये अशीच त्यांची सोय होती. निर्णयाच्या जागेपर्यंत पाहायचे, "इथे तुम्ही काय विचार केला?" असं विचारायचे, आणि मग वहीत बरोबरची खूण करायला सांगायचे किंवा प्रश्नचिन्ह. त्या बदामच्या डावाला बरोबरची खूण मिळाली. मी म्हटलं, अहो सर, पैसे गेले ना. तर म्हणाले, "ते मी विचारलंच नव्हतं."

पुढच्या मंगळवारी त्यांनी स्वतःचा एक डाव दाखवला. मोठा डाव, चांगले अठ्ठावीस हजार जिंकलेला. त्यावर त्यांनी लाल शाईत प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. समोरच्याकडे राजांची जोडी असणार हे दिसत असताना, केवळ आधीचा डाव हरल्याच्या रागात ते आत शिरले होते आणि शेवटचं पान त्यांना धावून आलं. "हा डाव मला अजून महागात पडू शकतो, कारण जिंकलो," असं म्हणाले. रागाच्या त्या अवस्थेला पोकरवाले टिल्ट म्हणतात. शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आलाय. यंत्र जास्त हलवलं की ते बंद पडतं आणि तीच पाटी लागते.

हे ऐकायला सोपं आहे, पण अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं. आपल्याला लहानपणापासून निकालावरूनच शहाणपण मोजायची सवय. ज्याचा प्लॉट वाढला तो हुशार, ज्याच्या कांद्याचा भाव पडला तो येडा. दोघांनी घेताना काय पाहिलं होतं हे कोण विचारतं? पोकरमध्ये एक्क्यांची जोडी हातात यायची शक्यता २२१ डावांत एकदा. आणि ती आलेली असताना, समोर राजांची जोडी असली, सगळे पैसे आधीच मध्ये गेले, तरी पाचांतून साधारण एकदा राजे जिंकतात. खेळातल्या सर्वांत भारी हाताची ही गत. मग आपल्या साध्या हातांचं काय घेऊन बसलात? चूक कुणाचीच नसते आणि पैसे मात्र जातात, हे मान्य करायला शिकवणी लागते.

आणि हो, दुसरी बाजूही सरांनीच सांगितली, पहिल्याच महिन्यात. टेबलावरचे पैसे खेळणाऱ्यांचेच असतात. एकाचे दुसऱ्याकडे जातात. मधल्या मध्ये चालवणारा प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो, साधारण पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सगळ्या खेळणाऱ्यांची बेरीज केली तर ती उणेच येणार. त्यावर एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन जिंकलेल्या निव्वळ रकमेवर तीस टक्के कर कापायची नवी तरतूद आली आणि ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी. "ताई, छोट्या टेबलावर चांगला खेळणारासुद्धा आता जेमतेम तरेल," असं ते तेव्हाच म्हणाले होते. माझा हिशोब सांगते, लपवण्यासारखं काही नाही. तीन वर्षांत खेळातून मला अकरा हजार चारशे रुपये वर आले. सरांची फी त्याच्या पाचपट झाली. :) पेटीच्या शिकवणीत तेवढेही परत येत नाहीत असं मी नवऱ्याला सांगितलं.

एका मंगळवारी मी सरांना नळराजाची गोष्ट सांगितली. दमयंती आपल्या विदर्भाची म्हणून ती गोष्ट मला जवळची. पण तिच्यातली शिकवणी माझ्या लक्षात आली ती स्वतः शिकायला लागल्यावर. नळ आपल्या भावाशी, पुष्कराशी, द्यूत खेळला आणि राज्य घालवून बसला. अंगात कली शिरला होता. पुढे रूप बदलून तो अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी म्हणून राहतो. विदर्भाकडे रथ दौडत असताना वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण धावत्या रथातून नजर टाकतो आणि त्याच्या दोन फांद्यांवर दोन हजार पंच्याण्णव फळं आहेत म्हणतो. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडतो, मोजतो, आणि आकडा बरोबर निघतो. ऋतुपर्ण म्हणतो, मला फाशांचं हृदय कळतं, म्हणून मोजता येतं. मग दोघांचा सौदा होतो, नळाने घोड्यांची विद्या द्यायची, ऋतुपर्णाने फाशांची. आणि फासे म्हणून त्या काळी वापरायचे ते बेहड्याचंच फळ! ज्या फळाने राज्य गेलं, तेच मोजायला शिकला.

सरांना गोष्ट फार आवडली. फक्त शेवटी नळ पुष्कराला बोलावून एकाच डावावर सगळं लावतो आणि राज्य परत मिळवतो हे ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "एका डावावर सगळं? ताई, माझा विद्यार्थी असता तर त्याच दिवशी शिकवणी बंद."

पण मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. विद्या मिळाल्याबरोबर नळ खेळायला धावत नाही. आधी त्याच्या अंगातला कली विष ओकत बाहेर पडतो. खेळ फार नंतर. आणि ही सगळी गोष्ट वनात कुणाला सांगितली जाते? युधिष्ठिराला. सांगतात बृहदश्व ऋषी आणि शेवटी त्यालाही ती विद्या देतात. का, तर पुन्हा कुणी खेळायला बोलावेल या भीतीने तो पोखरला होता, ती भीती जावी म्हणून. पुढे अज्ञातवासात तोच युधिष्ठिर कंक होऊन विराटाच्या दरबारात वर्षभर फासे खेळतो आणि काही घालवत नाही. म्हणजे सर्वस्व हरलेल्याला 'फाशांना हात लावू नकोस' असं न सांगता खेळ नीट शिकवणारा गुरू आपल्याकडे होता. आपण शाळेत फक्त वस्त्रहरणापर्यंत शिकतो.

आपल्या वेरूळलाच बघा. चौदाव्या लेण्यात, रावण की खाईमध्ये, शंकर-पार्वती फासे खेळताहेत, खाली नंदी आणि गणांची गर्दी. एकविसाव्यात आणि एकोणतिसाव्यातही तोच प्रसंग कोरलाय. पाहुणे आले की आपण त्यांना कैलास दाखवून परत आणतो. पुढच्या वेळी तेवढं चौदाव्यात नक्की न्या. खेळ देवाघरीही होता, हे आईला दाखवायला मी तिला एकदा तिथे नेलं होतं. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "त्यांची बाग नव्हती ना पैठणला." यावर काय बोलणार?

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला घेतलं. ज्याची आहे त्याला वाचून दाखवलंय आणि त्याच्या होकारानेच लिहितेय, नाव गाव देत नाहीये. ओळखू आलं तरी ओळखू नका.

२०२५ च्या मार्चमध्ये एका वहिनींचा फोन आला. मुलगा बाहेरगावी शिकतो. मोबाइलवर रमी. दीड वर्षात दोन लाख साठ हजार. त्यांत मित्रांकडून घेतलेले, कर्जाच्या ॲपवरून घेतलेले, आणि फीचे म्हणून घरून नेलेले. वहिनी रडत नव्हत्या, तो टप्पा उलटून गेला होता. त्या म्हणाल्या, "तुम्ही ते शिकताय ना वन्सं? तुमचे सर त्यालाही शिकवतील का? निदान गेलेले तरी निघतील. मग बंद करील म्हणतोय."

मी सरांना विचारलं. सर पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले. "गेलेले काढायला आलेला विद्यार्थी मी घेत नाही. कुणीच घेऊ नये. त्याला खेळ शिकायचा नाहीये ताई, त्याला मागे जायचंय. तसा कुठला डाव नसतो." मग जरा थांबून म्हणाले, "त्याला वही द्या."

शनिवारी तो मुलगा आमच्याकडे आला. घरात तोवर त्याला प्रत्येकाने एकच विचारलं होतं, किती गेले? वडिलांनी, काकांनी, आत्याने, सगळ्यांनी. आणि प्रत्येक वेळी त्याने आकडा कमी करून सांगितला होता. मी कोरी वही पुढे ठेवली आणि म्हटलं, आकडा नंतर. शेवटच्या महिन्यातला कुठलाही एक दिवस घे. किती वाजता बसलास? का बसलास? किती वाजता उठलास, आणि का उठलास? मोबाइलमधल्या बँकेच्या मेसेजवरून एकेक दिवस उतरवायला लागला. रात्री अकरा ते पहाटे चार. दुपारी लेक्चर चालू असताना. घरून फोन येऊन गेल्यावर. तीन तासांनी त्याने स्वतःच वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "आत्या, 'का उठलो'च्या खाली सगळीकडे एकच आहे."

सगळीकडे 'पैसे संपले' होतं. एकदाही 'जिंकलो म्हणून उठलो' नव्हतं. जिंकला होता तो, बऱ्याचदा, एकदा तर एका रात्रीत एकोणीस हजार. पण उठला नव्हता. त्यामुळे 'गेलेले निघाले की बंद करीन' या वाक्याला काही अर्थच नव्हता आणि ते मी सांगायची गरज पडली नाही. त्याच्याच अक्षरात समोर होतं. दोन लाख साठ हा आकडाही खरा नव्हता. बेरीज तीन लाख चौऱ्याऐंशी हजार आली. ती त्याने स्वतः वडिलांना फोन करून सांगितली.

इथे मी काही जादू केली असं कुणी समजू नये. त्यानंतर तो शहरातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे सहा महिने जात होता, वडिलांनी पहिले दोन महिने त्याचा मोबाइल आणि खातं आपल्याकडे ठेवलं, कर्जाच्या ॲपचे पैसे आधी फेडले. मधे एकदा घसरलाही. वहीचं काम एवढंच झालं की घरच्यांचा आणि त्याचा आकडा एक झाला. आणि त्याला पहिल्यांदा कुणी किती गेले याऐवजी तू कसा बसतोस आणि कसा उठतोस हे विचारलं.

पुढे ऑगस्टमध्ये सगळंच बदललं. आपल्याकडचा कायदा आधीपासून कौशल्य की नशीब या वादावर उभा होता. महाराष्ट्रात अजून १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहे आणि निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे. रमी कौशल्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटलं. पोकरबद्दल न्यायालयांचंच एकमत नव्हतं, गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा खेळ ठरवला. गोव्यात पंचतारांकित हॉटेलांपासून मांडवीतल्या जहाजांपर्यंत कॅसिनोला परवानगी मिळत गेली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, बंद. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी त्याच आठवड्यात पैशांची टेबलं बंद केली. मी माझे होते नव्हते ते पैसे काढून घेतले, वहीत शेवटची नोंद केली. 'का उठले' खाली लिहिलं, 'कायदा'.

सरांचं पोटच त्यावर होतं. त्यांच्याशी वाद घालायची माझी तयारी होती, की तुमच्यासारख्या शंभरांचा व्यवसाय गेला, हे बरोबर झालं का? ते म्हणाले, "ताई, माझ्याकडे शिकायला आलेले आठवड्याला दहा जण. वही न लिहिता बसलेले किती असतील?" आता ते एका कंपनीत माहितीच्या विश्लेषणाचं काम करतात. महिन्यातून एकदा मंगळवारी फोन करतात. आम्ही एखादा जुना डाव काढून बसतो, पैसे नाहीत, टेबल नाही, फी नाही. मला विचाराल तर तेवढ्यावरही माझं भागतं.

मग तीन वर्षांत मिळवलं काय? पत्ते चांगले येत नाहीत शिकवणी लावून, ते मालकीचे नसतात. मिळाला तो एक माणूस, ज्याने निकाल झाकून माझा निर्णय पाहिला आणि उठायची वेळ आधी ठरवायला लावली. हे दोन्ही स्वतःचं स्वतःला करता येत नाही. खेळताना तर नाहीच.

परवा आईला मी त्या वहीची गोष्ट सांगितली, मुलाचं नाव न घेता. आई शेंगा सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "दादाला आम्ही सगळेच विचारायचो, आज किती गेले. तो म्हणायचा, काही नाही गं, थोडेच." पुढे बोलली नाही. घरात पत्ते आणायचे नाहीत हा तिचा नियम अजून आहे आणि तो तसाच राहू दे. तिचा तो हक्क आहे.

असो. खूप लांबलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरात असा मुलगा असेल, किंवा मुलगा कशाला, नवरा, भाऊ, जावई कुणीही असेल, तर सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी आहे, १४४१६ वर चोवीस तास, आणि ती मराठीतही बोलते. ती नको वाटली तर मला फोन करा. किती गेले ते मी विचारणार नाही. एक कोरी वही मात्र घेऊन बसा.